इरावतीबाईंची मोजदाद

एखादा लेखक आपल्याला आवडतो म्हणजे नेमके काय होते, याचा विचार करू लागले की माझ्यापुरते तरी त्याचे दोन प्रकार पडतात. काही लेखकांच्या वाक्यांची गोडी मनात राहते, त्यांची पुस्तके आपण आजारपणात किंवा प्रवासात पुन्हा पुन्हा उघडतो, त्यांत रमतो, आणि मिटल्यावर पूर्वी होतो तसेच उरतो. दुसऱ्या प्रकारचे लेखक संख्येने फार थोडे. त्यांच्या सहवासात काही काळ काढल्यावर लग्नघरातील बोलणी, देवळातील कीर्तन, सरकारी जाहीरनामा किंवा शेजारच्या आजींची तक्रार यांपैकी कशाकडेही आपण पहिल्यासारखे पाहू शकत नाही, कारण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत नकळत आपल्या अंगवळणी पडलेली असते. डॉ. इरावती कर्वे यांची गणना मी या दुसऱ्या प्रकारात करते, आणि गेली कित्येक वर्षे त्यांची पुस्तके वाचता वाचता, त्या जिथे जिथे हिंडल्या त्यांपैकी काही ठिकाणी स्वतः जाऊन आल्यावर, त्यांच्यापासून मला जे शहाणपण लाभले असे वाटते त्याचा तपशील येथे मांडावा अशी इच्छा आहे.

बाईंचे नाव आज प्रथम घेतले जाते ते ‘युगान्त’मुळे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला १९६८ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, १९६९ मध्ये त्याचे इंग्रजी रूप आले, आणि तेव्हापासून महाभारतावर बोलू इच्छिणाऱ्या मराठी माणसाला त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी तो ग्रंथ महाविद्यालयात असताना प्रथम वाचला. त्या वयात महाभारतातून मला जे हवे होते ते म्हणजे कर्णाविषयीची हळहळ, कृष्णाविषयीचा विस्मय आणि भीष्मांविषयीचा निस्सीम आदर. आणि पहिल्याच मोठ्या प्रकरणात, भीष्मांवरील ‘शेवटचा प्रयत्न’मध्ये, बाईंनी त्या आदराला हात घातला तो कोणतेही कठोर विशेषण न योजता, केवळ वय मोजून.

ती मोजदाद कोणत्याही वाचकाला घरी बसून करता येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच ती चुकवता येत नाही. शंतनूने सत्यवतीशी विवाह केला तेव्हा देवव्रत राज्यकारभार पाहणारा तरुण युवराज होता. त्यानंतर चित्रांगद व विचित्रवीर्य जन्मले, वाढले आणि मेले. त्यांच्यामागे नियोगाने धृतराष्ट्र, पांडू व विदुर झाले, तेही वाढून त्यांची लग्ने झाली. त्यांची मुले मोठी होऊन द्यूत खेळली, वनवास भोगून परतली. आणि कुरुक्षेत्रावर उभा राहिलेला अभिमन्यू हा त्या मुलांपैकी एकाचा विवाहित मुलगा होता. इतक्या पिढ्यांची बेरीज केल्यावर कौरवसेनेच्या अग्रभागी पांढऱ्या घोड्यांच्या रथात उभा असलेला सेनापती नव्वदी ओलांडून शंभरीकडे झुकलेला निघतो. वनात जाण्याचे वय उलटून कित्येक तपे लोटलेला हा पुरुष सेनापतिपद का स्वीकारतो, हा प्रश्न एकदा आकड्यांतून उभा राहिला की त्याला भक्तीने उत्तर देता येत नाही. आणि मग बाई त्याच्या नेतृत्वाचे दहा दिवस उलगडून दाखवतात, ज्या दहा दिवसांत दोन्ही पक्षांतील प्रमुख वीरांपैकी कोणीही पडत नाही. हा वृद्ध लढत नसून लढाई थोपवीत आहे, हा त्यांचा निष्कर्ष. मला सर्वांत अधिक हलविले ते या निष्कर्षाने, कारण ज्या पुरुषाच्या प्रतिज्ञेपायी काशीच्या तीन राजकन्या, गांधारी, कुंती आणि माद्री यांच्या आयुष्याचे काय झाले याची यादी बाईंनी निर्दयपणे वाचून दाखविली होती, त्याच पुरुषाच्या अखेरच्या धडपडीतील करुणा ओळखण्याइतकी जागा त्यांनी मनात राखून ठेवली होती. आधी सगळा हिशेब पुरा करायचा, कोणाचीही थकबाकी माफ करायची नाही, आणि मग जे उरते त्यावर माया करायची: ‘युगान्त’मधील प्रत्येक व्यक्तिचित्रामागे ही एकच शिस्त आहे, आणि बाईंच्या समग्र लेखनाला एका सूत्रात ओवायचे तर ते हेच, असे माझे मत आहे.

ही शिस्त शक्य झाली ती पुण्यातच सिद्ध होत असलेल्या एका प्रचंड कार्यामुळे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प सोडला, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला पद्धतीचा कणा दिला, १९४३ मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाल्यावर बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले, आणि १९६६ मध्ये, म्हणजे ‘युगान्त’च्या आदल्याच वर्षी, एकोणीस खंडांचे ते काम पूर्णत्वास गेले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलबारच्या मल्याळम लिपीपर्यंत हजाराहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी नजरेखालून घातली गेली. विधी महाविद्यालयाच्या रस्त्यावरील त्या दगडी वास्तूत मी सभापर्वाचा खंड पाहिला तेव्हा प्रथम लक्ष गेले ते पानाच्या रचनेकडे. वर मोठ्या ठशात मोजक्या ओळी. त्यांच्याखाली आडवी रेघ. आणि रेघेखाली बारीक ठशात, पान व्यापून उरलेले पाठभेद, कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, कोणत्या पोथीत कोणते श्लोक अधिक आहेत याची संकेताक्षरांत बांधलेली नोंद. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केला आणि तो धावून आला, हा लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेला भाग त्या रेघेच्या खाली गेलेला आहे. फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने संपादिलेल्या त्या पर्वात वस्त्रामागून वस्त्र निघत जाते एवढेच मूळ संहितेत उरते.

त्या रेघेकडे पाहताना एखाद्या भाविकाला दुःख व्हावे हे स्वाभाविक आहे, आणि मलाही क्षणभर काही हिरावून घेतल्यासारखे वाटले. परंतु बाईंनी त्या रेघेच्या वरच्या बाजूला उभे राहून जी द्रौपदी पाहिली ती अधिक एकाकी आणि म्हणूनच अधिक मोठी आहे. कोणताही देव आवाक्यात नसताना, पाच पती माना खाली घालून बसले असताना, भरसभेत ती प्रश्न विचारते की स्वतःला आधीच हरून बसलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला. या प्रश्नाविषयी बाईंचा अभिप्राय मात्र माझ्या गळी आजवर उतरलेला नाही. त्यांच्या मते द्रौपदीने त्या प्रसंगी धर्मशास्त्राचा वाद उपस्थित केला ही तिची चूक होती. सभेतल्या वडीलधाऱ्यांच्या माणुसकीला आवाहन करायचे सोडून तिने त्यांना कायद्याच्या पेचात धरले, आणि त्या पेचाला उत्तर निघाले असते तर ते तिच्या विरुद्धच निघण्याचा संभव होता. हा युक्तिवाद व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड आहे. तरीही मला असे वाटते की माणुसकीचे आवाहन करणाऱ्या स्त्रिया त्या सभेने आणि तशा हजारो सभांनी पाहिल्या होत्या व विसरल्या होत्या, आणि उत्तर देता न आल्यामुळे भीष्मांसारख्याला गप्प बसावे लागले ही नोंद तिच्या त्या एका प्रश्नामुळेच कायमची दप्तरी पडली. बाईंशी असे भांडता येते, कारण त्यांनी आपला पुरावा आणि आपले अनुमान एकमेकांत मिसळू दिलेले नसते. त्याच प्रकरणाच्या अखेरीस, हिमालयाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीजवळ भीम परत येतो आणि शेवटच्या घटकेस तिला त्याच्या प्रेमाची ओळख पटते, असा एक प्रसंग त्यांनी रंगविला आहे. तो महाभारतात नाही, माझा आहे, असे त्या स्वच्छ सांगून टाकतात. संशोधनात अशी कबुली सक्तीची असते. ललितलेखनात ती कोणी मागत नाही. बाईंनी ती तेथेही दिली.

खांडववनाच्या दाहाविषयीचे त्यांचे लेखन वाचल्यावर तर पुढे कित्येक दिवस मला दुसरे काही सुचेना. आपण तो प्रसंग वाचतो तो गांडीव धनुष्य आणि मयसभा यांच्या प्राप्तीची कथा म्हणून. बाई प्रथम मेलेल्यांकडे पाहतात. अग्नीला वन खाऊ घालण्यासाठी कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंना उभे राहून पळणाऱ्या प्रत्येक प्राण्याला परत आगीत लोटतात; आणि त्या अवाढव्य संहारातून वाचणाऱ्यांची संख्या महाभारतकारच सांगतात ती सहा: तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मय दानव, आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. तेथे नाग म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ती माणसे होती, वनाच्या आश्रयाने राहणारी, आणि नव्या नगराला व शेतीला जमीन मोकळी करून हवी होती म्हणून ती जाळली गेली, असा अर्थ त्या लावतात. इंद्रप्रस्थाच्या सगळ्या वैभवाखाली ही राख आहे. ज्या कृष्णाविषयी त्यांनी अन्यत्र अपार आस्थेने लिहिले त्याच कृष्णाच्या खाती ही रक्कम मांडताना त्यांचा हात थरथरलेला नाही.

हा हात तयार झाला कसा, याचा शोध घेतला तर तो बर्लिनला जाऊन पोहोचतो. ब्रह्मदेशात मिंज्यान येथे १५ डिसेंबर १९०५ रोजी जन्मलेली, तेथल्या महानदीचे नाव धारण करणारी ही मुलगी शिक्षणासाठी पुण्यास आली, हुजूरपागेत शिकली, रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली, १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली चित्पावनांवर प्रबंध लिहून, आता महर्षी कर्व्यांची सून असलेली, त्याच वर्षी जर्मनीस गेली. तेथे तिचे मार्गदर्शक होते युजेन फिशर, पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाच्या प्रमुखपदी बसलेले. मनुष्याच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, आणि ही विषमता गोऱ्या युरोपीयांत अधिक असून ती त्यांच्या बुद्धिश्रेष्ठतेची खूण होय, अशी त्या गुरूची धारणा होती. तिला मोजमापाचा आधार शोधण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले. फिशर यांच्या संस्थेच्या संग्रहातील युरोपीय व युरोपाबाहेरच्या लोकांच्या कवट्या तिने एकेक करून मोजल्या आणि आकडे जे बोलले ते लिहिले: विषमतेचा वंशाशी संबंध आढळत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध, वयाच्या पंचविशीच्या आत हे लिहिणे कशास म्हणतात ते संशोधनक्षेत्रात वावरलेल्यांना सांगावयास नको. मला त्यातील धैर्यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की वंशश्रेष्ठतेची बाधा तिला झाली नाही ती निव्वळ उदार मनामुळे, असे नव्हे. मन उदार होतेच, पण तिने त्यावर विसंबून न राहता परकार हाती घेतला. उदारपणाने वाद जिंकता येत नाही, मोजून जिंकता येतो, हे तिला तेव्हाच कळले असावे.

परत आल्यावर काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कुलसचिवपदी काढून १९३९ साली, येरवड्याच्या जुन्या इमारतीत डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले तेव्हा, त्या तेथे रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. गुजरातेत लांघणज येथे पुरातत्त्वज्ञ सांकळियांबरोबर प्राचीन मानवी सांगाडे उकरण्यापासून ओव्यांतून नात्यांचे शब्द टिपण्यापर्यंत त्यांच्या कामाचा मुलूख पसरलेला आहे, त्याची नुसती जंत्री देऊन काही साधणार नाही. एकच नमुना पाहावा. हिंदू समाज एकसंध होता आणि पुढे फुटून त्याच्या जाती झाल्या, हे मत त्या काळी सर्वमान्य होते, आणि त्यांचे गुरू घुर्ये यांच्या मांडणीचाही कल तिकडेच होता. बाईंनी महाराष्ट्रातले कुंभार पाहिले. कुंभार म्हटला म्हणजे एक धंदा, एक जात असे आपण धरून चालतो. पण थोरचाक्या कुंभाराचे चाक मोठे व जड, लहानचाक्याचे लहान, माती मळण्याची व भांडे उतरविण्याची तऱ्हा निराळी, आणि दोघांत रोटी असो, बेटीव्यवहार तर मुळीच नाही. एकाच घरातले भाऊ वेगळे निघाले असते तर वडिलांचे चाक तरी सारखे राहिले असते. तेव्हा हे मूळचे निरनिराळे समूह, आपापले चाक घेऊन शेजारी शेजारी वस्तीला आलेले आणि एकाच नावाखाली गोळा झालेले, असा सिद्धांत त्यांनी १९६१ च्या ग्रंथात मांडला. त्यावर विद्वानांनी पुष्कळ आक्षेप घेतले आहेत आणि त्यांपैकी काही वजनदार आहेत. पण जातीसारख्या विषयावर, जेथे प्रत्येकजण आपला अभिमान किंवा आपली चीड घेऊन बोलावयास उठतो, तेथे कुंभाराच्या अंगणात बसून त्याच्या चाकाचा व्यास विचारणारी ही बाई मला आजही विलक्षण वाटते.

त्यांच्या ‘वाटचाल’ या निबंधाने मला पंढरीच्या वाटेवर नेले. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्या बाईंनी त्यात दोन गोष्टी सांगितल्या. एक सर्वांना ठाऊक आहे: ज्या भूमीतील लोक पंढरपूरच्या वारीला जातात ती भूमी महाराष्ट्र, ही त्यांना त्या वाटेवर सापडलेली व्याख्या. दुसरीचा उल्लेख गौरवपर भाषणांत सहसा होत नाही. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी सकाळभर एकत्र गात, एका तालावर पावले टाकीत. आणि तळावर पोहोचताच चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. बाई दोन्हीकडे जेवल्या, दोन्हीकडच्या बायांचे प्रेम त्यांना सारखेच लाभले, आणि त्यांना झालेले दुःख असे की या बाया एकमेकींना ओळखतच नव्हत्या. महाराष्ट्राची ती गौरवशाली व्याख्या आणि ही वेगळी पंगत एकाच निबंधात, एकाच लेखणीने उतरली आहे. अमराठी वाचकांपर्यंतही तो निबंध पोहोचला; १९६२ मध्ये अमेरिकेतील आशियाविषयक अभ्यासाच्या प्रमुख नियतकालिकात त्याचे भाषांतर आले.

मी दिवेघाट चढून सासवडच्या तळावर गेले ती याच प्रश्नाची चौकशी करावी म्हणून. घाटात रथाला जोडलेल्या बैलजोड्या, वर चढत गेलेली पांढऱ्या टोप्यांची आणि तुळशीवृंदावनांची रांग, रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक, हे सगळे दरवर्षी छायाचित्रांत येते. तळावर ट्रकमधून राहुट्या उतरल्या होत्या, पाण्याचे टँकर लागले होते, आणि मराठवाड्यातून आलेल्या एका दिंडीत पिठले-भाकरीची पंगत बसत होती. वाढणाऱ्या वयस्क मावशींना मी बाजूला बसून विचारले, तेव्हा त्यांनी हातातले भाकरीचे टोपले खाली न ठेवताच सांगितले, ‘हितं कुणी कुणाला इचारीत नाही, बाई. माउलीच्या पंगतीत कशाची जात? पण गावाकडं गेलं की इचारत्यात.’ एवढे बोलून त्या पुढच्या माणसाला वाढावयास वळल्या. इरावतीबाईंनी ही दोन वाक्ये टिपून घेतली असती, दोन्ही. पहिल्याने सुखावून दुसरे गाळले नसते, आणि दुसऱ्याने खिन्न होऊन पहिल्याला खोटे ठरविले नसते.

‘परिपूर्ती’ या त्यांच्या प्रसिद्ध निबंधाविषयी अनेकांनी लिहिले आहे, म्हणून मी थोडक्यात सांगते. सभेत आपली ओळख कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते तेव्हा काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, आणि रस्त्यातला एक पोरगा सोबत्यांना ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई असे सांगतो तेव्हा ती उणीव भरून निघते, असे त्यात आहे. आजच्या वाचक मुलींना हा शेवट पटत नाही. ज्या बाईने बर्लिन पाहिले, मंगळसूत्र घातले नाही, नवऱ्याला नावाने हाक मारली, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविली, तिची परिपूर्ती आईपणात कशी, असे त्या विचारतात. मला त्या शेवटात शरणागती दिसत नाही. नात्यांच्या शब्दांवर सबंध हिंदुस्थानाचा अभ्यास करणाऱ्या, उत्तरेत माहेर दूर का आणि दक्षिणेत जवळ का याचा १९५३ च्या ग्रंथात उलगडा करणाऱ्या बाईंनी येथे स्वतःलाही त्याच कोष्टकात बसवून पाहिले आहे, आणि जे आढळले ते लपविले नाही. स्वतःसंबंधी सोयीस्कर निष्कर्ष न काढणे हे कवट्या मोजण्याहून कठीण असले पाहिजे.

आता त्यांच्या त्या पुस्तकाविषयी, जे ‘युगान्त’च्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हाती घेतले असेल. १९६९ साली डेक्कन कॉलेजने एक अहवाल प्रसिद्ध केला. लेखिका इरावती कर्वे आणि त्यांची कन्या जाई निंबकर. विषय, कोयना धरणामुळे उठविल्या गेलेल्या लोकांची पाहणी. पाटण तालुक्यात १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली, शिवसागराचे पाणी बामणोली-तापोळ्यापर्यंत पसरले, महाराष्ट्राच्या गिरण्यांना आणि घरांना वीज मिळाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनेचे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले. पण भूकंपापूर्वीच ज्यांची गावे पाण्याखाली गेली होती त्यांचे काय झाले, ती कुटुंबे कोठे गेली, त्यांना काय मिळाले, हे घरोघर जाऊन विचारण्याचे काम साठी ओलांडलेल्या, हृदयाने थकलेल्या बाईंनी अंगावर घेतले. खांडववनावर लिहिणारी आणि कोयनेच्या विस्थापितांची यादी करणारी लेखणी एकच आहे, आणि दोन्ही कामे एकाच सुमारास चालू होती, हे ध्यानी आल्यावर ‘युगान्त’ मला पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला.

कोयनेचे लोक सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत विखुरले गेले. सांगली जिल्ह्यातील एका वसाहतीत मी गेले तेव्हा तेथील एका वृद्ध गृहस्थांनी पत्र्याच्या पेटीतून कापडात बांधलेले कागद काढून ओसरीवर मांडले. भूसंपादनाचा निवाडा, त्यावर वडिलांचा अंगठा, मोबदल्याची पावती, पर्यायी जमिनीसाठी केलेल्या अर्जांच्या नकला, संकलन यादीतील नोंदीचा उतारा, त्यात वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकलेले, आणि ते दुरुस्त करून मिळावे म्हणून पुढे केलेला पत्रव्यवहार, जो बाकी सगळ्या कागदांहून जाड होता. खातेदार म्हणून नाव लागले तर जमीन, नाही तर नाही. आणि खोऱ्यातली डोंगरउताराची कुमरीची शेती, चराईचे रान, नदीतले मासे यांचा सातबारा कधी निघालाच नव्हता. ‘आमचं गाव व्हतं तवा भाऊबंद एका हाकंवर व्हतं,’ ते म्हणाले, ‘आता लगीन ठरवायचं तर दोन जिल्हे हिंडावं लागतंय. देव तेवढा संगं आणला. त्याच्या नावची इनामाची जमीन पाण्यात.’ देवाच्या जमिनीचे काय झाले, हा रकाना कोणत्याही सरकारी नमुन्यात नसतो. समाजशास्त्रज्ञाने वसाहतीत का जावे याचे इतके सरळ उत्तर मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नव्हते: जे नमुन्यात बसत नाही ते कोणीतरी लिहून घ्यावे लागते, नाही तर ते घडलेच नाही असे ठरते.

अहवाल निघाला तेव्हा विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात नव्हता. तो १९७६ साली झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी बाई निवर्तल्या, त्यामुळे त्यांनी तो पाहिला नाही. कायद्यानंतरही वसाहतींतून पत्र्याच्या पेट्या आहेतच, आणि कोयनेच्या तिसऱ्या पिढीतले तरुण आजोबांच्या नावातील अक्षरे दुरुस्त करून घेण्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालीत आहेत.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझी विनंती आहे. ‘युगान्त’ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. तो पुन्हा वाचताना मयसभेच्या प्रकरणापाशी थांबावे, आणि शक्य असेल त्यांनी डेक्कन कॉलेजचा तो १९६९ चा अहवाल मिळवून त्याच्या शेजारी ठेवावा. जे ग्रंथालयांच्या किंवा पंचायतींच्या कारभारात आहेत त्यांनी त्या अहवालाची प्रत कोयनेच्या आणि इतरही धरणांच्या प्रत्येक वसाहतीतील वाचनालयात राहील अशी तजवीज करावी. आणि ज्यांच्या घरी वडीलधारे विस्थापित हयात आहेत त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून गावाचे नाव, घरांची संख्या, भावकी, शेते, देवस्थाने, मोबदल्याची रक्कम आणि निघण्याची तारीख एवढे तरी वहीत उतरवून घ्यावे. ते सांगणारे आता थोडेच राहिले आहेत.